ट चा ता

मुलुंड (पूर्व)
४ ऑगस्ट २०२४

प्रिय कमळआत्या,
सा. न.

हाताने पत्र लिहायची सवय पार मोडली आहे, अक्षर सांभाळून घे. पण दुसरा उपाय नाही. फोनवर तुझ्याशी बोलायचं तर एवढं ओरडावं लागतं की शेजारच्या गंधालीवहिनी भिंतीपलीकडून सल्ला देतात. कानाचं यंत्र तू कपाटात ठेवतेस, आणि मोबाइलवरची अक्षरं तुला मुंग्यांची रांग वाटतात. आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

तर, एक मुलगा आहे. चैतन्य. दिंडोशीला राहतो. इमारत बांधायच्या आधी तिचं छोटं मॉडेल करतात ना, बोटाएवढ्या गाड्या आणि नखाएवढी माणसं ठेवून, ते त्याचं काम. स्वतःचं वर्कशॉप आहे. आमच्या शाळेच्या नव्या इमारतीचं मॉडेल पोचवायला आला होता. माझ्या पहिलीच्या पोरांनी त्याला दिवसभर सोडलं नाही, आणि नंतर मी सोडलं नाही.

आता लग्न करायचं आहे. एक टीनी-वीनी प्रॉब्लेम आहे, तो म्हणजे बाबा. ते कोणाचं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. तू हो म्हणालीस की घर हो म्हणेल. म्हणून आधी तुला लिहिते आहे.

माणूस फार चांगला आहे गं. हसवतो, समोरच्याचं ऐकून घेतो, फोडणी माझ्यापेक्षा बरी देतो. उंचीचं म्हणशील तर माझ्याशेजारी उभा राहिला की टॅड वाटतो. रस्त्यात लोक वळून बघतात. आधी मलाही विचित्र वाटायचं, आता सवय झाली. पण बाबा आधी उंचीच बघणार, तुला माहीत आहे.

सांगशील ना बाबांना?

तुझी,
सई

ता. क. दिवसभर पोरांशी टीनी, इट्सी-बिट्सी करून माझं मराठी बिघडलं आहे. रागावू नकोस.


बोरिवली (पूर्व)
१२ ऑगस्ट २०२४

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

पत्र एकदा चष्म्याने वाचलं, एकदा भिंगाने. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. पण मजकूर झकास!

अगं वेडे, ताड असला म्हणून बिघडलं कुठं? यात घाबरण्यासारखं काय आहे? आपलं घराणंच ताडमाड. तुझा बाप पंख्याखालून जाताना मान तिरकी करतो. दहावीत तू माझ्या कानाला लागलीस तेव्हा तुझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आता हिला मुलगा कुठून आणायचा म्हणून. आणि तू स्वतःच असा शोधलास, की आपल्या घरातल्या मुलीला मान वर करून त्याच्याकडे बघावं लागेल. लोक वळून बघतात तर बघू देत. मला तर पेढे वाटावेसे वाटतात.

काम केलं आहे. रविवारी विद्याधरला थालीपिठाचं आमिष दाखवून बोलावलं आणि पहिलं थालीपीठ तव्यावर असतानाच सांगून टाकलं. म्हटलं, पोरीने मुलगा बघितला आहे, ताडासारखा आहे, मी शब्द दिला आहे. तो म्हणाला, "करतो काय?" म्हटलं, "इमारती करतो." गप्प बसून चार थालीपिठं खाल्ली. त्याचं गप्प बसून खाणं म्हणजे होकार.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला, पण माझं इंग्रजी 'लाइन बिझी आहे' एवढ्यापुरतंच. त्यामुळे त्या टीनी आणि वीनी कोण ते कळलं नाही. त्याच्या बहिणी असतील तर त्यांनाही माझे आशीर्वाद सांग.

तुझी,
कमळआत्या


मुलुंड
१७ ऑगस्ट २०२४

माझी लाडकी आत्या,

तुला एक घट्ट मिठी! माझ्या डोक्यावरचा डोंगर उतरला.

टीनी आणि वीनी कोणी नाहीत गं. लहान गोष्टीला इंग्रजीत लाडाने तसं म्हणतात. आपण कसं इवलंसं, एवढुस्सं म्हणतो, तसं. अशी खूप आहेत त्यांच्याकडे. इट्सी-बिट्सी आहे, टिची आहे, चिमूटभरला स्मिजन आहे. पोरांना ती फार आवडतात, बोलताना तोंडाचा चंबू होतो ना!

आणि तू टॅडला ताड लिहिलंस ते चैतन्यला वाचून दाखवलं. तो हसून लोळला. म्हणाला, "या आत्या माझ्या पार्टीतल्या." मला खरंच वाटलं नव्हतं की तू ते इतक्या सहज घेशील. आईला समजावायला मी महिनाभर धडे गिरवत होते.

बाबा खुशीत आहेत. फक्त कालपासून पंख्याच्या मागे लागलेत. इलेक्ट्रिशियनला बोलावून दिवाणखान्यातला पंखा वर घेतला. म्हणाले, "जावई यायच्या आधी झालेलं बरं." पंख्याचा आणि जावयाचा काय संबंध, मला काही कळलं नाही.

चैतन्य येत्या शनिवारी तुला भेटायला येतो आहे. एकटाच. त्याचाच हट्ट आहे.

तुझी,
सई


बोरिवली
२६ ऑगस्ट २०२४

सई,

शनिवारी तो आला.

मी यंत्र कानात घातलं होतं, नारळी भात केला होता, इस्त्रीचं पातळ नेसले होते. बेल वाजली. दार मी मान वर करूनच उघडलं. समोर जिन्यातला दिवा. दुसरं कोणी नाही. मग खालून आवाज आला, "नमस्कार आत्या." बघते तर एक मुलगा, हातात पेढ्यांचा पुडा. मी म्हटलं, "ये रे बाळा, आत ये. चैतन्य गाडी लावतोय का?"

तो म्हणाला, "आत्या, मीच चैतन्य. एवढाच आहे."

सत्तरी ओलांडली, पण इतकी ओशाळले नव्हते कधी. तो मात्र मजेत. आत आला, दोनदा भात घेतला, माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचं बिजागर कुरकुरतं ते न सांगता घट्ट करून दिलं. त्याच्यात खोट काढायला मला काही सापडलं नाही, हे आधी लिहून टाकते. आता तुझ्याकडे वळते.

तो गेल्यावर तुझं पत्र पुन्हा भिंगाखाली घेतलं. टॅड! त्यानेच जाताना अर्थ सांगितला, टॅड म्हणजे किंचित. किंचित काय ते तू लिहिलंच नाहीस. किंचित बुटका असं दोन शब्दांत लिहायला शाई संपली होती का? पेशवाईत ध चा मा झाला आणि एक पोर जिवानिशी गेलं. इथे ट चा ता झाला आणि माझा शब्द गेला. तुझ्या बापाने पंखा वर घेतला, सई!

आणि किंचित? तो जेमतेम माझ्या हनुवटीला लागतो. याला किंचित म्हणतात? आपल्याकडे लहान शब्दालाही माप असतं. चिमूट म्हणजे दोन बोटांत मावेल तेवढं. तीळभर, बोटभर, वीतभर, हातभर, कोणीही म्हटलं की समोर धरून दाखवता येतं. तुझ्या टॅडला आणि टीनी-वीनीला काय माप? नुसता तोंडाचा चंबू. आता माझ्या लक्षात आलं आहे, तू इंग्रजीत लहान बोललीस की गोष्ट हमखास मोठी असते. बाप हा तुझा टीनी-वीनी प्रॉब्लेम! सहा फूट दोन इंच आहे तो!

विद्याधरला मी आता काही सांगणार नाही. हो पण नाही आणि नाही पण नाही.

कमळआत्या


मुलुंड
३० ऑगस्ट २०२४

आत्या,

रागाव, पण ऐकून घे. मी खोटं लिहिलं नव्हतं. तू सगळं समजून थट्टेने ताड लिहिलंस असं मला वाटलं, आणि मी खूश झाले.

पण पूर्ण खरंही लिहिलं नव्हतं, ते कबूल. बुटका हा शब्द लिहायला पेन उचललं की हात थांबायचा. एकदा तो शब्द घरात आला की कोणी बाकी काही ऐकणार नाही. तो काय करतो, कसा बोलतो, माझ्याशी कसा वागतो, सगळं मागे पडणार. म्हणून टॅड. मैत्रिणींनाही मी टॅडच सांगितलं होतं. आणि आता मी टाचांच्या चपला घालतच नाही, फोटो काढायचा असेल तर आम्ही कुठेतरी बसतो. जमवलं आहे मी सगळं.

बाबांना तो पुढच्या महिन्यात भेटणार आहे. त्याआधी तूच सांग ना त्यांना, तुझ्या पद्धतीने. मला नाही जमणार. आणि बाबा नाही म्हणाले तर काय करायचं, मला खरंच माहीत नाही. त्याच्याशिवाय राहायचं हे मी डोक्यात आणून बघितलं. नाही आणवत.

सई


दिंडोशी
२ सप्टेंबर २०२४

ती. कमळआत्यांना
साष्टांग नमस्कार.

न विचारता लिहितो आहे. सईने तुमची माफी मागितली असं कळलं. मी मात्र मागणार नाही, कारण माझं काही चुकलेलं नाही. नारळी भात उत्तम होता.

शाळेत मला पीनट म्हणायचे. मग टिची, हाफ-पिंट, मिनी, चिल्लर. कॉलेजात एका सरांनी इट्सी-बिट्सी काढलं. सगळी मजेशीर नावं आहेत, मी स्वतःही हसतो. पण त्यातलं एकही माझं माप नाही. आमच्या धंद्यात मॉडेलच्या कोपऱ्यात माप लिहावं लागतं. ते लिहिलं नाही तर खेळणं, लिहिलं तर इमारत. म्हणून लिहून देतो: माझी उंची पाच फूट एक इंच. सईची पाच फूट आठ. फरक सात इंचांचा. तुमच्या भाषेत, वीतभरसुद्धा नाही.

एक तक्रार आहे, आणि ती सांगायला तुमच्याइतकं योग्य कोणी नाही. सई माझ्याशेजारी वाकून उभी राहते. तिला वाटतं मला कळत नाही. मला बुटका म्हटलेलं लागत नाही, आत्या. ते मी पहिलीपासून ऐकतो आहे. पण ती वाकते ते लागतं.

आपला,
चैतन्य


बोरिवली
९ सप्टेंबर २०२४

चि. सई,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं, आणि त्याचंही आलं. त्याने त्याची उंची स्वच्छ अक्षरात लिहिली आहे. घेण्यासारखं आहे.

आता मी सांगते ते कोणाला सांगितलेलं नाही. आमच्या एक्स्चेंजमध्ये चंद्रप्रकाश नावाचा इंजिनियर होता. माझ्यापेक्षा इंचभर बुटका. खरोखर इंचभर, आम्ही जेवणाच्या सुट्टीत भिंतीला पेन्सिलने खुणा करून मोजलं होतं आणि दोघंही पोट धरून हसलो होतो. तो रीतसर घरी विचारायला आला. तुझ्या आजीने चहा दिला, चांगलं बोलली, आणि तो गेल्यावर म्हणाली, "लोक हसतील." विषय संपला. त्याआधी मला बघायला आलेल्या प्रत्येक पाहुण्यासमोर ती मला चिमटा काढून सांगायची, "वाक जरा." मीही वाकायचे. माझी पाठ म्हातारपणाने दुखते असं तुम्हाला वाटतं. ती बाविसाव्या वर्षापासून दुखते.

माझं वाईट झालं नाही. नोकरी केली, स्वतःच्या नावावर घर घेतलं, एकटीने काश्मीर बघितलं, कोणाचं ऐकून घ्यावं लागलं नाही. पण तो माणूस मला हवा होता. इंचभर म्हणजे किती, ते मला विचार.

म्हणून मुलगा ताड आहे असं वाचलं तेव्हा मला एवढा आनंद झाला. माझ्या मनात पहिलं हेच आलं की हिला कोणी वाक म्हणणार नाही. आणि तुम्हा दोघांची पत्रं वाचून कळलं की तुला कोणी म्हणायची गरजच नाही, तू आपली आपणच वाकायला लागली आहेस. पाठीने वाकतेस, आणि बोलतानाही वाकतेस. ते टॅड म्हणजे तुझं वाकणंच आहे.

विद्याधरला मी सांगणार नाही. तू सांगायचं. मराठीत, सरळ उभं राहून, हाताने माप दाखवून. मी पाठीशी आहे, पण आधी पाठ ताठ कर.

नवीन चपला घ्याव्यास. टाचेच्या.

तुझी,
कमळआत्या


मुलुंड
१६ सप्टेंबर २०२४

आत्या,

सांगितलं.

बाबा टीव्ही बघत होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "बाबा, चैतन्य माझ्यापेक्षा बुटका आहे." ते म्हणाले, "बाजूला हो, ओव्हर चालू आहे." मग त्यांना कळलं. टीव्ही बंद केला. "किती?" मी माझ्या कानाखाली, हनुवटीच्या जरा वर हात धरून दाखवला, "एवढा." हात मी जराही वर सरकवला नाही.

त्यांनी वर पंख्याकडे बघितलं. म्हणाले, "ताई तर ताड म्हणाली." मी म्हटलं, "आत्याने वाचलं चुकीचं, कारण मी लिहिलं चुकीचं. पण तिने शब्द दिला तो माणूस हाच आहे, आणि मी लग्न करणार ते त्याच्याशीच." असं मी बाबांशी कधी बोलले नव्हते. मलाच माझा आवाज ओळखू आला नाही.

ते एवढंच म्हणाले, "लोक हसतील, सई." आणि आत गेले. तीन दिवस झाले, घरात भांड्यांचाच काय तो आवाज.

मी रडले नाही. चपला घेतल्या आहेत.

सई


बोरिवली
१९ सप्टेंबर २०२४

चि. विद्याधर,
आशीर्वाद.

लोक हसतील, असं म्हणालास म्हणे. हे वाक्य तुझं नाही. आईचं आहे. चंद्रप्रकाश चहा पिऊन गेल्यावर तिने ते स्वयंपाकघरात म्हटलं तेव्हा तू दारात उभा होतास, शाळेच्या चड्डीत. तुला आठवतं का ते माहीत नाही. मला रोज आठवतं असंही नाही.

हसणारे लोक कोण होते, मला आज एकाचंही नाव सांगता येणार नाही. हसले असते आणि आपापल्या घरी गेले असते रे. मी तेवढी राहिले.

मुलगा मी बघितला आहे. माझा शब्द वाचण्यात चुकला होता, देण्यात चुकला नव्हता. तो मी पुन्हा देते, चष्मा लावून. तू त्याला एकदा जेवायला बोलाव. नंतर तुला जे ठरवायचं ते ठरव.

तुझी,
ताई


मुलुंड
६ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस
सा. न.

मला आठवतं. तो मला जाताना गोळी देऊन गेला होता.

मुलगा काल जेवून गेला. आमटीला फोडणी कमी पडली असं तोंडावर म्हणाला. बरोबर होतं. आमच्या सोसायटीच्या नव्या इमारतीच्या आराखड्यात जिना कुठे चुकला आहे ते पेन्सिलने काढून दाखवलं. मला पटलं.

डिसेंबरची तारीख काढली आहे. पाट सुताराकडे टाकलेत. नवरदेवाचा पाट थोडा उंच करू का, असं सुताराने विचारलं. सई मधेच म्हणाली, "दोन्ही सारखे." मी सुताराला तसंच सांगितलं.

पंखा आता वरच राहू देतो.

विद्याधर


बोरिवली
२९ डिसेंबर २०२४

चि. सौ. सई आणि चि. चैतन्य,
दोघांनाही उदंड आशीर्वाद.

फोटो मिळाला. भिंगाशिवाय दिसतो इतका मोठा काढलात ते बरं केलंत.

मी मांडवात पहिल्या रांगेत होते, तरी तो क्षण माझ्याकडून निसटला होता, कारण डोळ्यांना पदर लावला होता. आता निवांत बघते आहे. अंतरपाट नुकताच दूर झालेला. तू हार घेऊन उभी, टाचेच्या चपला काढून ठेवल्या आहेत तरी पाठ छडीसारखी सरळ. आणि नेहमीप्रमाणे नवरदेवाला वर उचललेलं, नवरीला हार घालता येऊ नये म्हणून. आजवर शंभर लग्नांत बघितलं, उचलायला नवऱ्याचे मित्र असतात. इथे त्याला खांद्यावर घेऊन उभा आहे तो माझा भाऊ. मुलीच्या बापानेच जावयाला उचललं, आणि तेही सहा फूट दोन इंचांवर! हॉलचे पंखे उंच होते म्हणून निभावलं.

लोक हसताहेत. फोटोत सगळेच्या सगळे हसताहेत, तुझी आई तर तोंडाला रुमाल लावून. तुझ्या आजीचं म्हणणं शेवटी खरं ठरलं.

आणि तू, आपल्या घरातली ताडमाड पोर, चवड्यांवर उभी राहून, मान पार मागे टाकून त्याच्याकडे बघते आहेस.

फोटोच्या मागे तू शाईने 'टॅड' असं लिहून पाठवलं आहेस. ते मी दुरुस्त केलं आहे. ट चा ता केला, वरचा चंद्र खोडला. या खेपेला मुद्दाम, चष्मा लावून.

तुमची,
कमळआत्या